नगरपालिकेवरचा झेंडा

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले आणि त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा चढला. अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते तो फडकवला गेला, असे शहर आजही अभिमानाने सांगते. आजचा तिरंगा तो नव्हे. वर पांढरा, मधे हिरवा, खाली तांबडा पट्टा आणि त्यांवर चरखा, असा काँग्रेसचा त्या वेळचा झेंडा होता. केशरी रंग पुढच्या वर्षी आला. सोलापूरच्या स्वातंत्र्यलढ्याचे नाव काढले की आपल्याला आठवतो तो पुढचा महिना: मे महिन्यातला गोळीबार, मार्शल लॉ, चार हुतात्मे. हे स्वाभाविकच आहे. पण त्या मे महिन्याचा अर्थ लावायचा तर ६ एप्रिलपाशी थांबायला हवे, असे मला वाटते. हा झेंडा जमावाने धावत जाऊन लावलेला नव्हता. सरकारच्याच कायद्याने जन्मलेल्या, सरकारी नियमांनी चालणाऱ्या एका संस्थेने तो आपल्या माथ्यावर मिरवला होता. जुलूम असह्य झाला आणि लोक उठले, हे उत्तर सोपे आहे, पण सोलापूरच्या बाबतीत ते पुरत नाही. त्याहून कितीतरी कठोर दिवस या शहराने मुकाट्याने काढले होते. राज्यकर्त्यांनी लोकांना कारभारात थोडे सामील करून घेतले, त्यांच्या मनात हक्काची जाणीव रुजू दिली, आणि ऐन वेळी त्या हक्काची किंमत शून्य आहे हे दाखवून दिले, तेव्हा सोलापूर उलटले.

साम्राज्यांच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडत नव्हते. ब्रिटिशांच्या अमेरिकेतल्या वसाहतींनी १७६३ पर्यंत, म्हणजे फ्रेंचांशी चाललेले सात वर्षांचे युद्ध संपेपर्यंत, राजाशी निष्ठेने वागण्यात धन्यता मानली. त्यांच्या स्थानिक सभा होत्या, कर त्या सभा बसवत, आणि लंडनचे लक्ष दुसरीकडे असे. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी १७६५ मध्ये स्टँपचा कर आला आणि पहिल्यांदा प्रश्न उभा राहिला, की ज्या पार्लमेंटमध्ये आमचा माणूस नाही तिने आमच्या खिशात हात का घालावा? १७७३ च्या चहाच्या कायद्याने तर चहा उलट स्वस्त होणार होता. तरी बोस्टनकरांनी तो समुद्रात फेकला, कारण भांडण पैशाचे नव्हते, कर बसवण्याच्या अधिकाराचे होते. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. बंगालच्या १७७० च्या दुष्काळानंतर कंपनी बुडायला आली, तिला सावरण्यासाठी पार्लमेंटने एकाच वर्षी दोन कायदे केले. एकाने तिच्या हिंदुस्थानातल्या कारभाराला वेसण घातली, दुसऱ्याने तिचा चहा अमेरिकेच्या गळ्यात मारला. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्या कॉर्नवॉलिसने अमेरिकनांपुढे शरणागती पत्करली, तोच पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला आणि त्याने कारभारातल्या मोठ्या जागांवरून हिंदी माणसाला दूर ठेवले. म्हणजे अमेरिका आणि आपण एकाच दुकानाच्या खातेवहीत शेजारी शेजारी होतो, आणि एका पानावर झालेला तोटा दुसऱ्या पानावर भरून काढला जात होता.

सोलापूर या खात्यात आले ते मे १८१८ मध्ये. फेब्रुवारीत जिल्ह्यातल्याच आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले होते. मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा वेढा आवळला आणि किल्ला घेतला. तेव्हाचे गाव म्हणजे किल्ला, सिद्धेश्वराचे तळे आणि भोवतालच्या पेठा. आज आपण ज्याला सोलापूर म्हणतो ते शहर मात्र बऱ्याच अंशी इंग्रजी राजवटीतच घडले, हे मान्य करावे लागते. १८६० मध्ये रेल्वे आली. १८७१ मध्ये हिप्परग्याचा एकरूख तलाव पुरा झाला. १८७७ च्या सुमारास मोरारजी गोकुळदासांची सूतगिरणी सुरू झाली, तीच पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. १८८१ मध्ये सुमारे ६० हजार वस्तीचे हे गाव १९३१ च्या जनगणनेत १ लाख ४५ हजारांच्या घरात गेले. ही माणसे आली कुठून? निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलू लागला. लिंगायत व्यापारी होते, मोमीन विणकर होते, मारवाडी आणि गुजराती पेढ्या होत्या, आणि दर दुष्काळात माणदेश-मराठवाड्यातून कोरडवाहू शेती सोडून आलेली कुणबी-मराठा कुटुंबे होती. गिरणीच्या भोंग्यावर उठणारे, चार भाषांत भांडणारे आणि चारही भाषांत उधारी मागणारे हे शहर साम्राज्याच्या कापूस-कापडाच्या अर्थकारणाने ओढून आणलेल्यांचे होते. निजामाची हद्द हाकेच्या अंतरावर असताना ही माणसे इंग्रजी मुलखात येऊन राहिली. काम, रोख मजुरी आणि कोर्टकचेरीचा एक ठरावीक नियम, या आशेने ती आली होती, आणि राज्याशी त्यांचा एक न लिहिलेला करार होता.

हा करार किती एकतर्फी होता ते १८७६-७७ च्या दुष्काळाने दाखवले. सोलापूर जिल्हा त्यात सर्वांत होरपळलेल्यांपैकी एक. दुष्काळाच्या पाहणीवर आलेला सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपल याच्या हिशेबाप्रमाणे दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या मापाने मोजली जाऊ लागली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला तेवढ्यावर जगता येणार नाही, हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला लिहून कळवले. मुंबई इलाख्यात हजारो मजूर ती कामे टाकून निघून गेले. एवढे होऊनही सोलापुरात बंड झाले नाही, कचेरी जळली नाही. जुलमाचे माप हेच बंडाचे कारण असते, तर सोलापूर १८७७ मध्येच पेटले असते. उपाशी माणसाने अर्ज केला, पाय ओढत दुसऱ्या मुलखाची वाट धरली, किंवा मरून गेला. राज्याला जाब विचारण्याची जागाच त्याच्यापाशी नव्हती.

ती जागा पुढच्या पन्नास वर्षांत तयार झाली, आणि ती सरकारनेच तयार केली. सोलापूरची नगरपालिका १८५० च्या कायद्यानंतरच्या पहिल्या काही नगरपालिकांतली. पण सुरुवातीला तिथे कलेक्टर म्हणेल ती पूर्व दिशा. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तेव्हा त्यामागचा हेतू त्याने लपवला नाही: कारभार सुधारण्यापेक्षा लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण द्यावे, हा तो हेतू. १८८४, १९०१ आणि १९२५ च्या कायद्यांनी निवडून आलेल्या सभासदांचे बळ वाढत गेले, आणि १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खाते हिंदी मंत्र्यांकडे आले. नळाची पट्टी, दिव्याचे तेल, गटारे, शाळा, जकात यांवर वाद घालता घालता सोलापूरच्या वकील-व्यापाऱ्यांची एक पिढी अंदाजपत्रक वाचायला शिकली. कर बसवायचा तर सभेत मत घ्यावे लागते, हे तिच्या अंगवळणी पडले. अशा माणसांसमोर १९२३ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने मिठाचा कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला, तोही कायदेमंडळाने नाकारल्यावर, आपल्या खास अधिकारात. पुढच्या वर्षी कर परत खाली आला, पण जे कळायचे ते कळून चुकले होते. १९२७ मध्ये हिंदुस्थानचे भवितव्य ठरवायला सायमन कमिशन नेमले गेले आणि त्यात एकही हिंदी माणूस नव्हता. पट्टी कशी बसवावी याचे शिक्षण पन्नास वर्षे द्यायचे आणि मोठा प्रश्न आला की वर्गाचे दार लावून घ्यायचे, हे त्या शिकलेल्यांना कसे रुचावे? बोस्टनच्या माणसाला १७६५ मध्ये जे कळले तेच इथल्या नगरसेवकाला १९२३ मध्ये कळले, आणि ते कळायला दोघांनाही आधी आपल्या सभेची सवय लागावी लागली.

हे सारे पेढीवरच्या आणि वकिलीतल्या माणसांचे झाले. गिरणीतल्या साचेवाल्याला ना मत होते ना अंदाजपत्रकाशी कर्तव्य. त्याला राज्य भेटे ते शिंदीच्या झाडापाशी. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर हे झाड ज्याच्या बांधावर उभे, त्याचे राहिले नाही. झाड छेदायचे, म्हणजे शेंड्याखाली खाच पाडून मडके बांधायचे, तर परवाना हवा, झाडागणिक कर, आणि छेदलेल्या झाडाच्या खोडावर सरकारी नंबर. पहाटे मडक्यात साठलेला गोड रस उन्हे वर येईतो आंबू लागे, आणि संध्याकाळी मजुरीचा काही भाग गुत्त्यावर उतरे. इलाख्याच्या तिजोरीत जमीन महसुलाखालोखाल मोठा वाटा या दारू-ताडीच्या उत्पन्नाचा होता. १९१९ नंतर हिंदी मंत्र्यांच्या वाट्याला शिक्षणाचे खाते आले, आणि खर्चाला पैसा म्हणून आले हेच अबकारीचे उत्पन्न. मुलांच्या शाळा उघडायच्या असतील तर बापांनी पीत राहिले पाहिजे, अशी ती तजवीज होती. म्हणून १९३० च्या उन्हाळ्यात लोकांनी मीठ नसलेल्या सोलापुरात कुऱ्हाडी हातात घेतल्या, त्या नंबर मारलेल्या शिंदीवर चालवण्यासाठी. समुद्र जवळ नव्हता, मिठागरे नव्हती. सरकारी कराची खूण अंगावर वागवणारी वस्तू इथे हीच होती.

मे महिन्याचा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना कराडीच्या छावणीत अटक झाली, बातमी आली आणि सोलापूर बंद पडले; गिरण्याही थांबल्या. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडणाऱ्यांना पोलिसांनी पकडले. जमाव वाढला. कलेक्टर नाइट तिथे होते. मल्लप्पा धनशेट्टींनी मधे पडून संतापलेल्या लोकांना आवरले, अशी आठवण शहराने जपली आहे. तरीही गोळीबार झाला आणि झेंडा हातात असलेला शंकर शिवदारे हा तरुण पडला. त्यानंतर शहर कुणाला आवरेना. पोलीस चौक्या आणि कोर्ट जळाले, दोन पोलिसांना जमावाने ठार मारले. पोलीस शहरातून निघून गेले आणि ९ ते ११ मे हे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. १२ मेला लष्कर आले आणि मार्शल लॉ जाहीर झाला, तो ३० जूनपर्यंत चालला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो त्या वेळच्या सरकारी कागदांतही आहे: हा नुसता दंगा होता, गांधींच्या अटकेने भडकलेल्या, बंद गिरण्यांमुळे रिकाम्या हातांच्या जमावाने केलेली जाळपोळ. दोन पोलिसांचा जीव गेला हे नाकारता येत नाही, आणि नाकारू नये. तीही याच मातीतली, पोटासाठी गणवेश घातलेली माणसे होती. अहिंसेच्या नावाने सुरू झालेल्या चळवळीवर तो डाग राहिला. पण निव्वळ दंगा असता तर पेढ्या लुटल्या गेल्या असत्या, भाषेवरून आणि धर्मावरून शहर आपसांत फुटले असते. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणाऱ्या वस्त्या एकमेकांना लागून, गिरण्या बंद, पोलीस गायब. दंग्याला आणखी काय हवे? तसे घडले नाही. राग निघाला तो करवसुलीवर, चौकीवर आणि कोर्टावर. त्या तीन दिवसांत रस्त्यावरची रहदारी आणि पेठांची राखण स्वयंसेवकांनी सांभाळली. पन्नास वर्षे नगरपालिकेच्या सभांतून गावकारभाराचा जो सराव झाला, तो इथे कामी आला असे माझे मत आहे. सत्ता निघून गेल्यावरही शहर चालते हे सोलापूरने दाखवले, आणि इंग्रजांना जाळपोळीपेक्षा तीच गोष्ट जास्त झोंबली असावी. एरवी मार्शल लॉखाली झेंडा बाळगणे गुन्हा का ठरावा, डोक्यावरची गांधी टोपी का उतरवली जावी आणि नगरपालिकेवरचा तो चरख्याचा झेंडा खाली का यावा? दंगा मोडायला यातले काहीच लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नगरपालिकेचा मतदार मूठभर, मालमत्ताधारी. रस्त्यावर उतरला तो गिरणी कामगार. मग एकाच्या शिक्षणाने दुसऱ्याचे बंड कसे समजावून सांगायचे? बोस्टनकडे पाहिले तर तिथेही हीच फाळणी दिसते. सभागृहात भाषणे करणारे व्यापारी आणि वकील होते. १७७० मध्ये सैनिकांशी ज्यांची बाचाबाची झाली ते दोर वळणारे कामगार होते, आणि त्यानंतरच्या गोळीबारात पडलेला क्रिस्पस अॅटक्स खलाशी होता. या दोघांना जोडणारी माणसे असली तरच शहर एकजुटीने उभे राहते. सोलापुरात ती होती. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हा गिरणी कामगारांत वावरणारा तरुण 'गझनफर' हे पत्र चालवत होता. कामगाराचा राग आणि देशाचा प्रश्न त्याच्या लेखणीत एकत्र आले. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून ज्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले गेले, त्यांची नावे वाचली तरी शहराची उभी-आडवी वीण दिसते: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान. साम्राज्याने कामासाठी एकत्र आणलेल्या जमातींतून एकेक माणूस उचलून त्याने फासावर चढवला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. अमेरिकेतले वसाहतवाले स्वतःच मूळ रहिवाशांना हुसकून तिथे बसले होते, गुलाम बाळगत होते. त्यांच्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत गुलामाला जागा नव्हती. सोलापूरकर तर आपल्याच देशात परक्याच्या राज्याखाली होते. मग ही तुलना कशाला? तुलना संस्थांपुरती आणि करारापुरतीच आहे, माणसांच्या दर्जाची नाही, हे मी मान्य करतो. पण 'वसाहत' हा शब्द सोलापुरात उच्चारला की तो सरळ एका जागेवर बोट ठेवतो. गुन्हेगार जमाती कायद्याखाली, १९१० नंतरच्या दशकात, शहरालगत तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. कैकाडी, भामटा, पारधी अशा जमातींची कुटुंबे, म्हातारी-पोरे धरून, केवळ जन्माने गुन्हेगार ठरवून तिथे डांबली गेली. सकाळ-संध्याकाळ हजेरी, बाहेर पडायला पास, आणि दिवसभर शहरातल्या गिरण्यांत काम. काही काळ ही वस्ती अमेरिकन मराठी मिशनने चालवली. त्या मिशनची मातृसंस्था बोस्टनची. राजाला झुगारून देणाऱ्या शहरातून आलेली ही माणसे सेवाभावाने शाळा चालवत होती, दवापाणी करत होती आणि तारेच्या आतल्या माणसांची हजेरीही घेत होती. राज्याशी झालेल्या कोणत्याच करारात ही कुटुंबे नव्हती. नगरपालिकेचे मत त्यांना नव्हते, आणि गावात फिरायलाही त्यांना कागद लागत होता. नगरपालिकेवर झेंडा चढला तेव्हा तो त्यांच्याही नावाने चढला का, हा प्रश्न १९३० च्या सोलापूरने स्वतःला विचारलेला दिसत नाही. सभागृहातल्या आणि गिरणीतल्या माणसाला एका झेंड्याखाली आणण्याइतके ते शहर मोठे झाले होते. तारेपाशी मात्र त्याचा हात थांबला.

मार्शल लॉ उठला, त्याच्या कायदेशीरपणाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, फाशा झाल्या, आणि सतरा वर्षांनी राज्यच गेले. त्या चौघांचे पुतळे आता शहराच्या मध्यावर उभे आहेत आणि त्यांच्या चौकाला लोक चार पुतळे म्हणूनच ओळखतात. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सोलापुरात झेंडा चढला, त्या सकाळीही सेटलमेंटमध्ये नेहमीची हजेरी कायद्याने बंधनकारक होती. देशभरातून तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, आणि तारेच्या आत वाढलेल्या कुटुंबांची नातवंडे आपला स्वातंत्र्यदिन म्हणून आजही तीच तारीख पाळतात.